भाचीची हृदयशस्त्रक्रिया ठरली आहे. आम्ही आप्तेष्टांनी नेमके काय करावे?

साखळीची आत्या

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या भावाची मुलगी पाच वर्षांची आहे आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला, परळच्या एका रुग्णालयात, तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया ठरली आहे. तिला फॅलोची टेट्रालॉजी हा जन्मजात दोष आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद आहे, त्यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळते. अंगणात धावली की ती आपणहून उकिडवी बसायची, ओठ जांभळे पडायचे आणि थोड्या वेळाने उठून ती पुन्हा खेळू लागायची. ‘दमते बिचारी’ असे म्हणत आम्ही बराच काळ घालवला; बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला तेव्हा त्या उकिडवे बसण्याचा अर्थ आम्हांला कळला.

भावाचे घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. घरात भाऊ, वहिनी, नऊ वर्षांचा थोरला मुलगा आणि गुडघ्यांमुळे फारशी हिंडू न शकणारी माझी आई. गोठ्यात दोन दुभत्या गाई आहेत, मागे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग आहे, आणि शस्त्रक्रियेची तारीख नेमकी पोफळींवर बोर्डो या बुरशीनाशकाची दुसरी फवारणी करण्याच्या सुमारास आली आहे.

भेटेल तो ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणतो, आणि वहिनी प्रत्येकाला ‘काही नको, सगळे ठीक आहे’ असे उत्तर देते. मी तिची नणंद आहे, बारा वर्षे तिला पाहते आहे. तिला पुष्कळ काही लागणार आहे आणि ती त्यातले काहीही मागणार नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग येऊन गेला आहे, त्यांनी कृपा करून सांगावे की तिने न मागता आम्ही काय करावे आणि काय मुळीच करू नये. हातात तीन आठवडे आहेत.

फोंड्याचा बाप

ताई, सहा वर्षांपूर्वी आमच्या मुलाचे हृदयाचे ऑपरेशन बंगळुरूला झाले, म्हणून लिहितो.

‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारा मनापासूनच म्हणत असतो, परंतु काय लागणार हे आठवण्याचे, त्यातले कोणाला काय सांगावे हे ठरवण्याचे आणि मग संकोच गिळून मागण्याचे काम त्यामुळे त्या घरावरच येऊन पडते. त्या दिवसांत माझ्या पत्नीला आपण जेवलो की नाही हेही आठवत नसे. आमच्या शेजारचे काका जाण्याच्या चार दिवस आधी घरी आले आणि म्हणाले, ‘तुमच्या आईचे आणि गुरांचे मी पाहतो, मला चावी द्या आणि औषधांच्या वेळा लिहून द्या.’ आम्हांला फक्त चावी द्यायची होती. तुम्हीही असेच करावे: एकेक काम पूर्णपणे एकेका माणसाच्या अंगावर घ्यावे. वैरण आणणारा एक, दूध काढणारा दुसरा आणि डेअरीवर नेणारा तिसरा असे झाले, तर एखाद्या दिवशी तिघांनाही वाटते की दुसऱ्याने केले असेल, आणि मग रुग्णालयाच्या जिन्यात उभ्या असलेल्या बापालाच फोन येतो.

दुसरी गोष्ट फोनची. ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून मला इतके फोन आले की दुपारी बॅटरी संपली, आणि त्याच वेळी आतून कोणी तरी माझे नाव पुकारत होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की बातमी देणारा माणूस एकच असावा आणि तो रुग्णालयात नसावा. आईवडिलांनी दिवसातून एकदा त्याला दोन ओळी कळवाव्यात आणि बाकी सगळ्या गोतावळ्याने त्यालाच विचारावे. ते काम, ताई, तुम्ही घ्या. नणंदेने सांगितले की लोक ऐकतात.

आता कागदपत्रे. हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीला ती ७५ टक्के आहे, टू-टायरला ५० टक्के. त्यासाठी रेल्वेच्या ठरावीक नमुन्यात रुग्णालयाचा दाखला लागतो आणि तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावे लागते. आम्हांला हे परत आल्यावर कळले. तुम्हांला थिवीहून कोकणकन्या किंवा मांडवी सोयीची, दोन्ही दादरला थांबतात आणि तिथून परळ जवळ आहे. मात्र पावसाळी वेळापत्रकात गाडीच्या वेळा बदललेल्या असतात, त्या पाहून घ्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर त्याची मुदत आजच तपासा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण त्यात आहे, परंतु आपले रुग्णालय आणि आपली शस्त्रक्रिया त्यांच्या यादीत आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारावे लागते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही हृदयशस्त्रक्रियेला साहाय्य मिळते. तो अर्ज ऑपरेशनच्या आधी जायला हवा. या फेऱ्या भावाने मारू नयेत. कोणी तरी पुतण्या, मेहुणा, मित्र शोधा, ज्याला रांगेत उभे राहण्याचा कंटाळा नाही.

निवृत्त परिचारिका

मी तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णसेवेत होते आणि त्यातला बराचसा लहान मुलांच्या वॉर्डात गेला. उपचार तिचे डॉक्टर ठरवतील; मी घरच्यांनी आणि आप्तांनी सांभाळायच्या गोष्टी सांगते.

जाण्यापूर्वी मुलीला दंतवैद्याकडे नेऊन आणा. किडलेल्या दातांतले जंतू रक्तात उतरून हृदयाच्या आतल्या अस्तरावर बसू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी दात नीट करून घेण्यास सांगतात, आणि पुढेही दातांची निगा तिला इतर मुलांपेक्षा जास्त ठेवावी लागेल. तिला पाणी कमी पडू देऊ नका. प्रवासात ती फार रडून अचानक निळी पडली, तर तिचे गुडघे छातीशी येतील असे तिला जवळ धरून शांत करा आणि विलंब न करता डॉक्टर गाठा. ती उकिडवी बसायची तेव्हा तिचे शरीर हेच आपणहून करत होते.

सर्दी-खोकला असलेल्या कोणीही शेवटचे पंधरा दिवस त्या घरात पाऊल टाकू नये. मुलाला ताप किंवा खोकला असेल तर भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, आणि ते योग्यच असते. तुमच्याकडे जुलै म्हणजे घरोघर सर्दी. ‘जाण्याआधी एकदा बघून येऊ’ म्हणून येणाऱ्यांची जी रीघ लागते, ती दारातच थांबवणे हे नणंदेचे काम आहे.

आता अतिदक्षता विभागाबद्दल, कारण तिथे आईवडील पहिल्यांदा आत जातात तो क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे. मूल झोपवून ठेवलेले असते, तोंडात श्वासाची नळी असते, छातीतून पाणी व रक्त बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या असतात, मानेला आणि हाताला सुया असतात, चेहरा सुजलेला असतो आणि यंत्रे मधूनमधून वाजत असतात. यातले जवळजवळ सगळे अपेक्षित असते. नळी काढल्यावर एक-दोन दिवस आवाज घोगरा राहतो. त्याचीही भीती वाटून घेऊ नये. हे त्यांना आधी माहीत असले तर ती आई पोरीच्या कपाळावर हात ठेवू शकते. माहीत नसले तर ती दारातच थिजते. म्हणून भाऊ-वहिनींनी आधीच तिथल्या परिचारिकेला ‘आम्हांला काय काय दिसेल ते सांगा’ असे विचारून घ्यावे.

मुलीशी खोटे बोलू नका. ‘आपण मुंबई फिरायला चाललो आहोत’ असे सांगून आणलेली मुले मी पाहिली आहेत. टोचल्यानंतर ती आईच्या हातूनही औषध घेत नाहीत. या वयाच्या मुलांना आजार म्हणजे आपल्या हातून काही चुकल्याची शिक्षा वाटते. तिला सोप्या शब्दांत सांगा की तुझ्या हृदयातली वाट अरुंद आहे, डॉक्टर ती रुंद करणार आहेत, तू तेव्हा औषधाने गाढ झोपलेली असशील, उठल्यावर दुखेल आणि दुखण्यावर औषध मिळेल. बाहुलीच्या छातीवर पट्टी लावून दाखवा. ते मुलांना शब्दांपेक्षा लवकर कळते.

घरी आल्यानंतरचे मी नंतर लिहीन, कारण तो भाग मोठा आहे आणि तिथेच माणसे सैल पडतात.

मांद्र्याची मावशी

मला एकच सांगायचे आहे, पण कळकळीने. माझ्या बहिणीच्या मुलाला हृदयाचा दोष निघाला तेव्हा घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी, ‘पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही’ असे तिला पाचजणांत ऐकवले. मूल बरे झाले, आता कॉलेजात आहे. ते वाक्य मात्र माझ्या बहिणीच्या मनातून गेलेले नाही. तुमच्या आईच्या समोर असे कोणी बोलले तर तिथेच थांबवा.

निवृत्त परिचारिका

मावशींचे म्हणणे अगदी खरे आहे. जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांमागे साधारण आठ-नऊ जणांना हृदयाचा काही ना काही दोष असतो आणि त्यातल्या बहुतेकांत एक ठरावीक कारण सापडत नाही. बाळाचे हृदय गर्भधारणेच्या पहिल्या आठ आठवड्यांत घडते. तोवर कित्येकींना आपल्याला दिवस गेले आहेत हेही नीट उमगलेले नसते. फॅलो या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन १८८८ साली केले, आणि अशा मुलांवरची पहिली शस्त्रक्रिया १९४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला झाली. त्याआधी सगळ्या देशांतल्या आया या मुलांकडे नुसत्या बघत बसत. ग्रहण पाळणाऱ्या देशांत आणि न पाळणाऱ्या देशांतही ही मुले जन्मत होती.

देवाला कौल लावण्याबद्दल कोणी विचारण्याआधी मीच लिहिते. आजीच्या मनाची समजूत देवळात जाऊन होत असेल तर तिला जरूर घेऊन जा. मात्र तारीख ठरल्यावर, ती तारीख पाळावी की नाही यासाठी कौल लावू नये, कारण पाकळी डावीकडे, म्हणजे नकाराची, पडली तर तिचे ओझे पुन्हा त्या आईच्या माथ्यावर येईल.

म्हापशाचा रक्तदाता

रक्ताबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रक्त आणि रक्तघटक दोन्ही लागू शकतात. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, पण प्लेटलेट फक्त पाच दिवस, म्हणून महिनाभर आधी दहा जणांनी उत्साहाने रक्त देऊन भागत नाही. तारखेच्या आसपास बोलावल्याबरोबर येऊ शकतील अशी माणसे मुंबईतच हवीत. आपल्या गावची जी मंडळी दादर-गिरगावकडे राहतात त्यांची यादी करा आणि प्रत्येकाने शेवटचे रक्तदान केव्हा केले ते लिहून ठेवा. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. आणखी एक: ‘माझ्याच रक्ताची पोर, माझेच रक्त द्या’ असा हट्ट आत्या-काकांनी करू नये. जवळच्या नात्यातल्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरावर उलटतात, त्यामुळे तसे रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. तुम्ही परक्याला द्या, परका तुमच्या भाचीला देईल.

धाकटीचा दादा

आत्याबाई, तुमच्या पहिल्या लिखाणात नऊ वर्षांचा थोरला मुलगा एका ओळीत येऊन गेला, आणि मी तिथेच अडलो. मी आता चौतीस वर्षांचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे ऑपरेशन झाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मला मामाकडे डिचोलीला ठेवले आणि ‘बहीण आणि आई लवकर येतील’ एवढेच सांगितले. मामा-मामींनी माझे काहीही कमी केले नाही, रोज आवडीचे मासे केले, नवी सायकल दिली. परंतु त्याआधीच्या आठवड्यात मी बहिणीला खेळताना ढकलले होते आणि ती पडली होती. ते कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या ढकलण्यामुळेच तिचे हृदय बिघडले असे समजून मी चाळीस दिवस मामाच्या माडीवर झोपत होतो. हे मी आईला सांगितले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो.

त्या मुलाला कृपया त्याच्याच घरात राहू द्या, त्याच्या आजीजवळ. तुम्हीच तिथे जाऊन राहा. त्याला आजाराचे नाव सांगा, आणि ते कोणाच्या चुकीने झालेले नाही हे न विचारता सांगा, कारण तो विचारणार नाही. रोज ठरलेल्या वेळी त्याला आईशी बोलू द्या, आणि त्या बोलण्यात पाच मिनिटे फक्त त्याच्या दिवसाबद्दल असावीत. बहिणीचे नळ्या लावलेले छायाचित्र कोणाच्या तरी फोनवर त्याने अवचित पाहण्यापेक्षा तुमच्या मांडीला टेकून पाहिलेले बरे.

साखळीची आत्या

आपणा सर्वांचे मनापासून आभार. जे घडले ते सांगते.

शेवटचे दोन्ही लेख मी भावाला वाचून दाखवले आणि मी आईजवळ राहायला गेले. गाईंचे पूर्ण काम शेजारच्या घरातल्या दादांनी घेतले, कागदपत्रांच्या फेऱ्या माझ्या मुलाने मारल्या, आणि फवारणी माझ्या चुलतभावाने एका उघाडीच्या दिवशी माणसे लावून करून घ्यायची असे ठरले. मंडळी ठरल्या दिवशी मुंबईला पोहोचली. दाखल करतानाच मुलीला ताप भरला, छातीत कफ निघाला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे ढकलली.

त्यानंतर जे झाले त्याचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. सगळ्यांनी आपापली मदत ‘बारा दिवस’ अशी मोजली होती. दादांच्या मुलीचे बाळंतपण जवळ आले होते, चुलतभावाची रजा संपली, आणि मुंबईत नातेवाइकांच्या दोन खोल्यांच्या घरात चार दिवस म्हणून उतरलेली ही तिघे आता तिथे तीन आठवडे राहणार होती. वहिनीने फोनवर म्हटले, ‘आम्ही परत येतो, सगळ्यांना फार त्रास होतो आहे.’ इतक्या पावसात त्या पोरीला घेऊन बाराएक तासांचा प्रवास दोनदा करायचा, तेही लोकांना त्रास नको म्हणून! त्या रात्री मला झोप लागली नाही. आता मी काय करू?

फोंड्याचा बाप

त्यांना परत येऊ देऊ नका. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, बाहेरगावच्या रुग्णांसाठीच आहे. जागा मिळते का ते चौकशी करून विचारा, आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडेही विचारा, त्यांना अशा आणखी जागा ठाऊक असतात. गाईंसाठी दिवसाचा पगार ठरवून माणूस ठेवा आणि तो पगार आपण भावंडांनी वाटून घ्या. आणि वहिनींना तारीख सांगू नका, ‘पोर बरी होऊन येईपर्यंत’ असे सांगा. चूक आमच्यासारख्यांचीही आहे. ऑपरेशन पुढे जाऊ शकते हे परिचारिकाताईंनी लिहिले होते, पण त्यावरून माणसांची व्यवस्था किती दिवसांची करावी हे आम्ही कोणी सांगितले नाही.

साखळीची आत्या

शस्त्रक्रिया झाली. पडद्याचे भोक बंद केले आणि अरुंद वाट रुंद केली. सकाळी आठला आत नेले, दुपारी तीनच्या सुमारास भावाचा दोन ओळींचा निरोप आला आणि मी तो बाकीच्यांना पाठवला. पाच दिवस अतिदक्षता विभागात, मग वॉर्डात, मग पहिली तपासणी होईपर्यंत सदनात. काल ती घरी आली. नखे गुलाबी झाली आहेत. माझ्या आईने ती नखे हातात धरून कितीतरी वेळ पाहिली.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, अगदी तोंडावर आली आहे, आमच्या मूळ घरी चाळीस माणसे जमतात आणि सगळ्यांना पोरीला बघायचे आहे. परिचारिकाताई, आपण पुढचे लिहिणार होता.

निवृत्त परिचारिका

नखांचे वाचून फार बरे वाटले.

छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने बांधलेले असते आणि ते जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तिला काखेत हात घालून किंवा दंडाला धरून कोणीही उचलायचे नाही. एक हात मानेखाली-पाठीखाली आणि दुसरा नितंबांखाली, असेच उचलायचे. चवथीला येणारा प्रत्येक काका-मामा कौतुकाने तिला काखेतूनच उचलेल, म्हणून हे घरातल्या सगळ्यांना तिच्या आईने नव्हे, तुम्ही आधी सांगा. गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची माटोळी दाखवायला तिला खांद्यावर बसवू नये, सायकल आणि झोपाळा डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. माझे मत विचाराल तर यंदा तिला मूळ घरी नेऊच नये. आरतीच्या वेळी फोनवरून दर्शन घडवा आणि नेवऱ्या घरी पाठवा. फटाक्यांचा धूर आणि चाळीस माणसांतली सर्दी, दोन्ही तिला नकोत.

पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत. दमट बनियन जखमेवर चढवू नका. तिचे कपडे इस्त्री फिरवून कोरडे करा, आणि हे रोजचे काम शेजारच्या कोणीही सहज करू शकेल. लघवीचे औषध असेल तर ते सिरिंजने मोजून, वेळेवर, आणि आपल्या मनाने बंद न करता. पाण्याचे माप ठरवून दिलेले असू शकते, तेव्हा प्रेमाने आणलेले शहाळेसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका. भूक मंद असते. थोडी थोडी पेज दिवसातून सहा वेळा दिली तरी चालेल. श्वास आत ओढून चेंडू वर चढवण्याचे जे यंत्र दिले असेल ते खेळ म्हणून दादासोबत करू द्या.

जखम लाल होऊन ओली झाली, हाड हलल्यासारखे वाटले, धाप लागली, लघवी कमी झाली, चेहरा सुजला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. काही आठवड्यांनंतर येणारा ताप आणि छातीत दुखणे यांकडे ‘पावसाळी ताप’ म्हणून दुर्लक्ष करू नये. हृदयाभोवती पाणी जमल्याचे ते लक्षण असू शकते. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डाची प्रत आधीच देऊन ठेवा, म्हणजे रात्री अपरात्री १०८ची रुग्णवाहिका बोलावली तर पुढच्या माणसाला इतिहास सांगण्यात वेळ जाणार नाही.

आणि एक. ती रात्री ओरडून उठेल, अंथरूण ओले करील, आईला क्षणभर सोडणार नाही, पांढरा कोट दिसला की रडेल. बहुतेक मुलांत हे काही आठवड्यांत निवळते. ‘ऑपरेशनने पोर हट्टी झाली’ असे कोणी म्हणू नये.

पेडण्याचे मास्तर

शाळेबद्दल थोडक्यात: डॉक्टरांचे पत्र घेऊन आईवडिलांनी बाईंना आधी भेटावे, पहिले काही दिवस अर्धा वेळ पाठवावे, आणि तिची वही शाळेतल्या मुलांकडून घरी येत राहील असे पाहावे. मी माझ्या वर्गात परतणाऱ्या मुलाच्या जखमेबद्दल बाकीच्या मुलांना आदल्या दिवशी सांगतो. मग ती बोट दाखवत नाहीत.

साखळीची आत्या

खालचे लिखाण वहिनीचे आहे. तिने कागदावर लिहून दिले, मी जसेच्या तसे उतरवते.

‘ताईंनी हे सगळे मला चवथीनंतर वाचायला दिले. मी माझ्याविषयी इतके लिहिलेले वाचून आधी संकोचले, मग दोनदा वाचले. काय उपयोगी पडले ते सांगते. मुंबईत असताना ताई रोज रात्री आठला माझ्या मुलाजवळ फोन देत आणि स्वतः खोलीबाहेर जात. तो एकदा म्हणाला, “आई, मी तिला उन्हाळ्यात आंब्याच्या झाडाकडे पळवत नेले होते.” पुढे तो काही बोलला नाही. इथे त्या दादांनी लिहिलेले ताईंनी मला आधीच सांगितले नसते, तर त्या वाक्याचा अर्थ मला कळला नसता. मी त्याला जे सांगायचे ते सांगितले.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले होते आणि मी चहा करत होते. तिसऱ्या आठवड्यात कोणी नव्हते. तेव्हा शेजारच्या घरातली काकी रोज दुपारी येऊन पोरीजवळ बसायची आणि मला म्हणायची, “जा, आडवी हो.” ती काही विचारायची नाही, पोरीला गोष्टी सांगायची आणि इस्त्री करायची. त्या दोन तासांच्या झोपेवर मी उभी राहिले. रात्री मी अजूनही तीन वाजता उठते आणि तिचा श्वास चालू आहे ना, ते पाहते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. ताईंना आता कळेल.

दुखले ते एवढेच की पुष्कळांनी खर्च किती आला ते विचारले, आणि दोघांनी “मुलगी आहे, छातीवर व्रण राहील, पुढे लग्नाचे कसे” असे म्हटले. पोरीने ते ऐकले. ती आरशात पाहते आणि त्या रेघेला “माझी झिप” म्हणते. तिने तसेच म्हणत राहावे असे मला वाटते, म्हणून कृपया तिच्यासमोर ते बोलणे नको.

परवा ती पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा आवाज ऐकून फाटकापर्यंत धावली. मी मागून ओरडणार होते. ती उभीच राहिली, बसली नाही, आणि पाव घेऊन परत आली.

तिला आता जन्मभर तपासणीला न्यावे लागेल, कारण फुप्फुसाकडची झडप पुढे बिघडू शकते असे डॉक्टरांनी सांगितले आहे. पुढची तपासणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परळला आहे. आम्ही तिघे जाणार, मुलाला शाळा आहे. चार दिवस दोन्ही वेळा दूध काढायला आणि रात्री सासूबाईंच्या सोबतीला कोणी तरी लागेल. कोणाला जमेल ते मला कळवावे.’